फाइव्ह-जीच्या मिलिमीटर लहरींनी शरीरातल्या पेशी खरंच फुटतात का?

तुमचा प्रश्न असा की, निपाणीजवळच्या तुमच्या गावात शेजाऱ्याच्या स्लॅबवर टॉवर उभा राहिला, 'मिलिमीटर लहरी पेशी फोडतात' असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरला आणि तेव्हापासून आईला झोप नाही.

आधी एक सांगतो. त्या टॉवरवर मिलिमीटर लहरी, म्हणजे काही मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरी, असतीलच असं नाही, बहुतेक नसतीलच. 2022 पासून आपल्याकडं जे फाइव्ह-जी चालतं ते मुख्यतः 3.3 गिगाहर्ट्झ आणि 700 मेगाहर्ट्झवर. म्हणजे लहरीची लांबी साधारण 9 आणि 43 सेंटीमीटर. ज्याला मिलिमीटर लहरींचा म्हणतात तो 26 गिगाहर्ट्झचा पट्टाही त्याच वर्षीच्या लिलावात विकला गेला, पण ती लहर भिंतीला अडते, आंब्याच्या पानांना अडते, आणि जांबोटी-कणकुंबीच्या पावसात तर किलोमीटरभरात दम टाकेल. कारण पाणी. पाणी या लहरी गिळतं.

आपली कातडी म्हणजे तरी काय, बरंचसं पाणीच. 60 गिगाहर्ट्झची लहर कातडीत जेमतेम अर्धा मिलिमीटर शिरते आणि तिथंच संपते. काळीज, मेंदू, हाडं लांबच राहिली. काळजी करायचीच तर कातडीची आणि डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची.

आता 'फोडण्या'बद्दल. पेशीतला रासायनिक बंध तुटायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. 60 गिगाहर्ट्झच्या लहरीच्या एका कणाकडं (फोटॉनकडं) असते 0.00025. शरीराच्या नुसत्या उबेनं रेणू जे थरथरत असतात, त्यातसुद्धा याच्या शंभरपट ऊर्जा असते. ज्वारीचे दाणे दिवसभर मारले म्हणून कौल फुटत नाही, तसं. मात्र लहरी जोरकस असतील तर कातडी तापते, हे पक्कं. अमेरिकी लष्करानं 95 गिगाहर्ट्झचं एक यंत्र बनवलंय, ते अंगावर रोखलं की माणूस भाजल्यासारखा होऊन पळतो. पण सर्वसामान्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा चौरस मीटरला 10 वॅट आहे आणि चिकोडीच्या एप्रिलमधलं दुपारचं ऊन हजार वॅटच्या घरात जातं.

मग पेशींवर परिणाम दिसल्याचे दावे आले कुठून? इथं माझीच एक फजिती सांगतो.

एम.एस्सी.ला असताना आम्ही दोघा मित्रांनी खडेबाजारातून बेकरीचं यीस्ट आणलं, साखरपाण्यात कालवून दोन परीक्षानळ्यांत भरलं आणि तोंडाला फुगे लावले. एक नळी क्लिस्ट्रॉनच्या (सूक्ष्मलहरी तयार करणाऱ्या नळीच्या) बेंचवर, लहरी बाहेर सोडणाऱ्या कर्ण्यासमोर, म्हणजे हॉर्नसमोर, दुसरी खिडकीत. (लहर 3 सेंटीमीटरची होती, मिलिमीटरची नव्हे, पण हौस दांडगी.) तासाभरात हॉर्नसमोरचा फुगा टम्म! आम्ही नाचलोच. प्रयोगशाळेतले मामा दारातनं बघत होते. म्हणाले, "अहो, त्या पंख्याचं गरम वारं लागतंय की त्याला!" क्लिस्ट्रॉन गार ठेवायला पंखा असतो, त्याची ऊब एका नळीला आणि डिसेंबरमधली बेळगावची थंडी दुसरीला. लहरींचा काही संबंध नव्हता.

हसू नका, हे मोठमोठ्या लोकांनाही छळलंय. 1977 मध्ये जर्मनीत ग्रुंडलर आणि कायलमान या संशोधकांनी 42 गिगाहर्ट्झच्या आसपास क्षीण लहरींनी यीस्टची वाढ बदलते, तीही ठरावीक वारंवारतेलाच, असं मांडलं. पेशी ठरावीक वारंवारतेला एकसाथ कंप पावू शकतात, या भौतिकशास्त्रज्ञ फ्रोलिख यांच्या सिद्धांताचा त्याला आधार होता, त्यामुळं बरीच खळबळ झाली. 1997 मध्ये दुसऱ्या गटानं काटेकोरपणे तेच करून पाहिलं. काहीच मिळालं नाही. अडचण अशी की बशीतल्या पेशींवरचं द्रवच लहर शोषतं, तळापर्यंत किती पोचलं हे मोजणं महाकठीण, आणि अर्धा अंश तापमान चढलं तरी पेशी वेगळ्या वागतात.

2021 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 6 गिगाहर्ट्झच्या वरचे, कमी तीव्रतेचे 107 प्रयोग तपासले. अशा लहरी घातक असल्याचा पक्का पुरावा सापडला नाही. पण बरेच प्रयोग कच्चे आहेत, तापमान नीट सांभाळलेलं नाही, असंही त्यांनी स्पष्ट लिहिलं. म्हणून 'विषय संपला' असं मी म्हणणार नाही. चांगले प्रयोग अजून व्हायला हवेत. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं, तेही मुख्यतः कानाला लावायच्या फोनवरच्या अभ्यासांमुळं, टॉवरमुळं नव्हे.

तरी खात्री हवीच असेल तर दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर टॉवरची माहिती मिळते, पैसे भरून लहरींची तीव्रता मोजूनही घेता येते. पण आईच्या झोपेसाठी आधी दुसरंच बघा. वीज गेली की टॉवरचा डिझेल जनरेटर रात्री सुरू होतो का, आणि त्याचं तोंड आईच्या खिडकीकडं आहे का? असेल तर शेजाऱ्याला आणि पंचायतीला त्याबद्दल विचारा. तो धूर आणि तो आवाज मोजायला यंत्रही लागत नाही.