हिवाळ्यात फुलणारी चेरी लावताय? आधी हे वाचा

हिवाळी चेरीची ऑटमनॅलिस ही जात घ्यायचं ठरवलं असेल तर बेस्टच, थंडी जरा सैल पडली की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत थोडी थोडी फुलत राहते, एकदम सगळं झाड भरून नाही येत त्यामुळे पहिल्या वर्षी फुलं कमी दिसली म्हणून घाबरू नका. आणि खरं सांगू, मधमाश्यांना आणि थंडीतही बाहेर पडणाऱ्या बंबलबीच्या (जाड, केसाळ मधमाशीच्या) राण्यांना त्या दिवसात दुसरं काही फारसं मिळतच नाही, म्हणून मला या झाडाचं एवढं कौतुक.

फक्त एक बघा, दाट दुहेरी पाकळ्यांच्या जाती नका घेऊ, त्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि कीटकांच्या हाती काही लागत नाही. ऑटमनॅलिस अर्धदुहेरी आहे, म्हणजे पाकळ्या थोड्याच जास्त, चालते. एकेरी फुलांचीच हवी तर प्रूनस इन्सायसा प्रीकॉक्स ही चेरीची जात बघा. आपल्या हिमालयातली रानचेरी, म्हणजे पद्मकाष्ठही शरद-हिवाळ्यात फुलतं, पण त्याला कडाक्याचं दंव सोसत नाही.

जागा उन्हाची, पाणी न साचणारी. झाड 8 मीटरपर्यंत जाऊ शकतं तेव्हा भिंतीला चिकटून नको. छाटणी हिवाळ्यात अजिबात करू नका प्लीज, उन्हाळ्याच्या मध्यावर कोरड्या दिवशी करा, नाहीतर कापलेल्या जागेतून सिल्व्हर लीफ या रोगाची बुरशी नाहीतर कँकर (खोड-फांद्यांवर जखमा करणारा रोग) शिरतो. मावा दिसला तरी फवारणी नको, लेडीबर्ड आणि पक्षी खातात तो. खाली पडलेली पानं तिथेच राहू द्या, त्यात किडे थंडी काढतात.