नल हायपोथेसिस: गृहीतक की परिकल्पना, आणि ‘मान्य केली’ का म्हणू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी मराठी माध्यमातून शिकलेली, आता बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स घेतलंय, ‘नल हायपोथेसिस’ला (म्हणजे ‘फरक काही नाही’ असं तपासून बघण्यासाठी मांडलेलं विधान) एका पुस्तकात शून्य गृहीतक दिसतं, दुसऱ्यात शून्य परिकल्पना, तर बरोबर काय? आणि ‘नल हायपोथेसिस ॲक्सेप्ट केली’ याला ‘मान्य केली’ म्हटलं तर चालेल का?

माझं मत: परिकल्पना म्हणा. आणि ‘मान्य केली’ अजिबात म्हणू नका, तिथे नुसता शब्द नाही तर अर्थच चुकतो.

गृहीतक हा शब्द वाईट नाही, पण तो आधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे. शाळेत भूमितीत युक्लिडची गृहीतके शिकलो ना आपण, ती कुणी तपासत बसत नाही, ती घेऊनच पुढची प्रमेयं उभी राहतात. रोजच्या बोलण्यातही ‘मला गृहीत धरू नकोस’ म्हणतो तेव्हा तक्रार हीच असते की तू मला विचारलंच नाहीस. म्हणजे गृहीत धरलं की प्रश्न संपला. इथे तर सगळा खटाटोप प्रश्न विचारण्यासाठीच आहे. शिवाय परिकल्पना तपासण्याच्या टेस्टला स्वतःची खरीखुरी गृहीतकं असतातच, जसं की नमुना यादृच्छिक पद्धतीने घेतलाय, मोजमापं साधारण नॉर्मल वितरणाची आहेत (बहुतेक सरासरीजवळ, दूरची कमी) वगैरे, मग त्यांना काय म्हणणार? दोन वेगळ्या गोष्टी आहेत तर दोन शब्द हवेत.

आता एक उदाहरण घेऊ कारण त्याशिवाय पुढचं बोलणं हवेत राहील. समजा एक बचत गट थालीपीठाची भाजणी विकतो, पाकिटावर ५०० ग्रॅम छापलंय. कुणाला तरी वाटतं की भरताना सरासरी वजन इकडेतिकडे होतंय. सगळी पाकिटं फोडून मोजणं शक्य नाही म्हणून त्यातली २५ चिठ्ठ्या टाकून निवडली, मोजली, सरासरी आली ४९५ ग्रॅम आणि प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे वजनं सरासरीपासून साधारण किती पसरलीत) १० ग्रॅम. मग ५ ग्रॅम कमी आहे म्हणून लगेच बोंब मारायची का, तर नाही, कारण पाकिटं एकसारखी नसतातच, दुसरी २५ उचलली असती तर सरासरी वेगळी आली असती. म्हणून घटकाभर असं धरून चालायचं की खरी सरासरी ५००च आहे, ही झाली शून्य परिकल्पना, आणि मग विचारायचं की तसं असेल तर इतका फरक निव्वळ योगायोगाने पडावा हे कितपत शक्य आहे. १० ला २५ च्या वर्गमुळाने म्हणजे ५ ने भागलं, २ आले, ही सरासरीची प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर), म्हणजे नमुना बदलला तर सरासरी साधारण किती हलेल ते. ५ ग्रॅमचा फरक भागिले २, म्हणजे अडीच, आणि बाजू कमीची म्हणून उणे. अशा सीमा देणाऱ्या टी टेबलमध्ये २४ स्वातंत्र्यमात्रांना (डिग्रीज ऑफ फ्रीडम, इथे पाकिटांपेक्षा एक कमी), ५ टक्के पातळीला (म्हणजे परिकल्पना खरी असूनही ती नाकारली जाण्याची शक्यता ५ टक्के), दोन्ही बाजू धरून सीमा २.०६४ आहे. अडीच त्याच्या पलीकडे गेला, परिकल्पना नाकारली.

पण समजा २५ ऐवजी ९च पाकिटं मोजली असती आणि सरासरी तीच ४९५, विचलन तेच १०, तर? आता प्रमाण त्रुटी ३.३३, गुणोत्तर दीड, आणि ८ स्वातंत्र्यमात्रांना सीमा २.३०६. नाकारता येत नाही. भाजणी तीच, तूट तीच ५ ग्रॅमची, फक्त पुरावा तोकडा पडला. इथे ‘सरासरी ५०० ग्रॅम आहे हे मान्य केले’ असं लिहिलं तर ते धडधडीत चूक होईल, कारण आपल्या हातातला आकडा तर ४९५च आहे! म्हणून वाक्य असं लिहायचं: ‘उपलब्ध पुराव्यावरून शून्य परिकल्पना नाकारता येत नाही.’ लांबलचक वाटतं पण दुसरा इलाज नाही. कोर्टात संशयाचा फायदा देऊन सोडतात तेव्हा गुन्हा सिद्ध झाला नाही एवढंच ठरतं, तसंच हे. इंग्रजीतही ॲक्सेप्ट म्हणणारे आहेत, नेमन आणि इगॉन पिअरसन या संख्याशास्त्रज्ञांच्या १९३३ च्या मांडणीत स्वीकार हा शब्द येतो, पण तो पुढे काय कृती करायची या अर्थाने, खरं मानलं या अर्थाने नाही. फिशर या संख्याशास्त्रज्ञाने तर १९३५ च्या ‘डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’मध्ये नल हायपोथेसिस हे नाव रूढ करतानाच सांगून टाकलं की ती कधी सिद्ध होत नाही, झालीच तर खोटी ठरते.

मला स्वतःला यासाठी सगळ्यात जवळचा वाटतो तो आपल्याकडचा जुना शब्द, पूर्वपक्ष. शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही नीट, ताकदीने, आणि मग त्याचं खंडन करायला बसायचं. मांडणाऱ्याचा त्यावर विश्वास असतो असं नाही, खंडन करता यावं म्हणूनच तो मांडलेला असतो. शून्य परिकल्पनेचं काम हुबेहूब हेच. परीक्षेत पूर्वपक्ष लिहू नका, तपासणाऱ्याला कळणार नाही, पण मुलीला समजावताना हा शब्द वापरून बघा, माझ्या अनुभवात लगेच डोक्यात उतरतं. एक फरक मात्र सांगा, की इथे पूर्वपक्ष पाडता आला नाही म्हणून तो जिंकत नाही.

‘शून्य’चाही घोळ होतो. सरासरी शून्य असा अर्थ नाही, छापलेलं वजन आणि खरी सरासरी यांत फरक शून्य, असा आहे.

पॉप्युलेशनला, म्हणजे ज्यातून नमुना उचलतो त्या सगळ्या समूहाला, लोकसंख्या म्हणू नका, भाजणीच्या पाकिटांची कसली लोकसंख्या, तिथे समष्टी हवं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतो त्यात शीत म्हणजे नमुना आणि भात म्हणजे समष्टी, पण शीत वरवरचंच उचललं आणि तळाचा भात कच्चा राहिला तर परीक्षा फसते, म्हणून नमुना यादृच्छिक लागतो. आपल्याकडे हंगामात पीक कापणी प्रयोग होतात तेही हेच, चिठ्ठीने निवडलेल्या शेतातला ठरावीक मापाचा तुकडा कापून तोलायचा आणि त्यावरून सरासरी उत्पादन काढायचं. भारतात ही पद्धत बसवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे होते, आणि ते लंडनला वर सांगितलेल्या नेमन-पिअरसन यांच्याकडेच शिकले होते.

राहिला ‘सिग्निफिकंट’, म्हणजे वरच्या अडीचसारखा सीमेपलीकडे गेलेला फरक. पेपरात ‘लक्षणीय फरक’ छापतात आणि वाचणाऱ्याला वाटतं केवढा मोठा फरक. १० हजार पाकिटं मोजली तर अर्ध्या ग्रॅमचा फरकही सिग्निफिकंट ठरेल, अर्धा ग्रॅम भाजणीने कुणाचं थालीपीठ लहान होतं? म्हणून तिथे ‘सार्थ’ लिहा, आणि फरक किती ग्रॅमचा तेही शेजारी लिहा.