अभ्यासिकेतली खुर्ची सोडताना

तुझं पत्र दोनदा वाचलं. जिंतूर तालुक्यातलं गाव, बी.एस्सी. अ‍ॅग्री, वय 28. राज्यसेवेच्या तयारीसाठी 2020 मध्ये पुण्यात आलीस, नवी पेठेत तिघी मिळून एका खोलीत राहता. दोनदा प्रिलिम निघाली, एकदा मेन्स चार मार्कांनी हुकली, या वेळी प्रिलिमलाच अडकलीस. तू लिहितेस, "मॅडम, अभ्यासिकेत बारा तास बसते, पण दोन महिने झाले, एक पान पुढे सरकत नाही. सोडावंसं वाटतं. पण इतकी वर्षं काय केलं म्हणून सांगू? आणि सोडलं की अण्णा स्थळं बघायला लागणार. अजून एक अटेम्प्ट देऊ का?"

मला विचारशील तर तू सोडलं आहेसच. दोन महिन्यांपूर्वी कधीतरी, कुणाला न सांगता. आता राहिलंय ते सांगणं, आणि त्रास त्याचाच होतोय.

ही परीक्षा स्वतःहून कुणाला "आता पुरे" म्हणत नाही. यूपीएससीत खुल्या गटाला वयाची 32 वर्षं आणि सहा अटेम्प्ट, तिथे दार आपोआप बंद होतं. रडारड होते, पण निर्णय दुसऱ्याने घेतलेला असतो. राज्यसेवेला खुल्या गटासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43. म्हणजे तू अजून दहा वर्षं सहज बसू शकतेस! त्यात आपल्याकडे परीक्षा पुढेही जातात. मार्च 2021 मध्ये 14 तारखेची पूर्वपरीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली, ऑगस्ट 2024 मध्ये 25 तारखेची गेली ती थेट 1 डिसेंबरला झाली. दोन्ही वेळा शास्त्री रोडवर मुलं रस्त्यावर बसली होती, तूही असशील त्यात. प्रत्येक वेळी "चला, अजून वेळ मिळाला" असं म्हणताना वर्ष कुठे गेलं कळत नाही. आणि ते चार मार्क! चाळीस मार्कांनी गेली असती तर तू केव्हाच मोकळी झाली असतीस. चार मार्कांचा हिशेब माणूस जन्मभर करत बसतो.

तू ओझरतं लिहिलंयस की 2025 पासून मेन्स वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषय कृषी घेता येईल, कदाचित तेच जमेल. ही खरी आशा आहे की अजून एक मुदतवाढ, हे एका दिवसात कळतं. कृषीचा 250 मार्कांचा एक पेपर घे, तीन तास लाव आणि हाताने लिही. उत्तरं बरोबर आली की नाही ते बाजूला ठेव. दुसऱ्या दिवशी पुढचा पेपर लिहायला हात शिवशिवले तर मला परत पत्र पाठव, आपण वेगळं बोलू. पेन उचलायचाच कंटाळा आला तर तेच उत्तर समज.

आता तुझ्या पत्रातली ती एक ओळ. खुर्चीवर आईने जुन्या लुगड्याची शिवून दिलेली उशी आहे, आणि समोर टेबलाला तू पहिल्या वर्षी चिकटवलेली "उपजिल्हाधिकारी" ही चिठ्ठी, कडा काळ्या पडलेली. ती चिठ्ठी काढताना रडू येईल. येऊ दे. गावात सगळे तुला आत्तापासूनच "मॅडम" म्हणतात ना? त्या मॅडमशी तू इतकी वर्षं राहिलीस, तिच्यासाठी साड्यासुद्धा मनात ठरवल्या असशील. ती आता येणार नाही. घरातलं माणूस गेल्यासारखंच आहे हे, फक्त भेटायला कुणी येत नाही. मी स्वतः सीए इंटरचा एक ग्रुप तीनदा देऊन सोडला होता. पुढे वर्षभर क्लासच्या त्या गल्लीतून जायचं टाळायची, लांबचा वळसा घालून भाजी आणायची. आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

लग्नाचं मात्र मला खटकलं. मुलांची पत्रं येतात त्यात "लोक काय म्हणतील" असतं, मुलींच्या पत्रांत "पुण्यात राहायचं कारणच संपेल" असतं. अभ्यास हे तुझं पुण्यात राहायचं तिकीट होऊन बसलंय, म्हणून मन उडालं तरी ते हातातून सुटत नाही. तर आधी ही गाठ सोडव. परीक्षा सोडायची ठरली म्हणून पुणं सोडायलाच हवं असं नाही. हातात पगार असेल तर राहण्याचं कारण नव्याने तयार होतं. अ‍ॅग्रीवाल्यांना बियाणं-खतांच्या कंपन्या आहेत, ठिबकवाले आहेत, पीकविम्याचं काम आहे, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. सुरुवातीचा पगार बेताचाच असेल आणि फिरतीही असेल, हे आधीच सांगून ठेवते. मधल्या वर्षांचं काय, असं मुलाखतीत विचारतीलच. "राज्यसेवेची तयारी केली, दोनदा पूर्वपरीक्षा पास झाले, आता थांबवली" एवढं सरळ सांग. लाजत सांगितलंस तर ते खोदत बसतील.

अण्णांना फोनवर सांगू नकोस. गावी जा, आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस: दोन ठिकाणी अर्ज केलेले असू देत, पुढच्या तीन महिन्यांचा खर्च कसा भागेल ते कागदावर मांडलेलं असू दे. सोयाबीनच्या पैशातून दर महिन्याला पाठवणाऱ्या माणसाला आकडे कळतात. सुरुवात "अण्णा, मी आता परीक्षा देणार नाही" अशी कर. "विचार करतेय" म्हणालीस तर ते धीर देतील आणि तू पुन्हा त्याच खुर्चीवर येऊन बसशील. ते गप्प बसतील कदाचित. रानात निघून जातील. मागे धावू नकोस, संध्याकाळी पुन्हा बोल. स्थळांचा विषय त्याच दिवशी निघाला तर "नोकरीचं वर्ष होऊ द्या" एवढंच म्हण, वाद घालू नकोस. आईला आधी सांगितलंस तर बरं. ती दोन महिन्यांपासून ओळखून असेल असा माझा अंदाज आहे, तुझ्या फोनवरच्या आवाजावरून.

एसटीआय (राज्यकर निरीक्षक) झालेल्या मैत्रिणीचे स्टेटस महिनाभर म्यूट करून ठेव. यात दुष्टपणा काही नाही.

पुस्तकं रद्दीत घालू नकोस, तुझ्या तालुक्यातून नवी आलेली एखादी पोरगी शोधून तिला दे. नोट्सचं काय करायचं ते आत्ता ठरवायची घाई नको. उशी मात्र बरोबर घेऊन जा. अभ्यासिकेची फी दर महिन्याच्या कितव्या तारखेला भरतेस? पुढच्या तारखेच्या आत लॉकरची किल्ली देऊन टाक, आणि डिपॉझिट मागून घे. ते स्वतःहून देत नाहीत.