भारतीय प्लेट, म्हणजे आपला देश ज्यावर आहे तो पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, वर्षाला ५ सेंटिमीटर सरकते, हे मोजतात कसं? त्यावरून कोयनेचा पुढचा भूकंप कळेल का?

मोबाइलचा जीपीएस पाच-दहा मीटरनं चुकतो, मग सेंटिमीटरची चाल कशी कळते, अशी तुमची शंका आहे. मी कराडला जमीन मोजणीचं काम करतो, त्यामुळे हा फरक रोज हाताळतो.

मोबाइल उपग्रहाच्या सिग्नलमधला कोड वाचतो. आमचा रोव्हर, म्हणजे काठीवर बसवलेला मोजणीचा जीपीएस, तो कोड वाहून आणणारी लहरच मोजतो. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी १९ सेंटिमीटर. तिचा शंभरावा भाग ओळखला की दोन मिलिमीटरपर्यंत पोचता येतं. फक्त उपग्रहापासून अँटेनापर्यंत अशा किती पूर्ण लहरी बसल्या, ते आधी सोडवावं लागतं. सुटलं की स्क्रीनवर 'फिक्स' येतं. डोक्याएवढ्या उसात किंवा आंब्याखाली काठीचा बुडबुडा मध्यात धरून कितीही वेळ उभे राहा, 'फ्लोट'च, म्हणजे लहरींची संख्या अजून सुटलेली नाही, असं दिसत राहतं.

प्लेट मोजायला हेच तंत्र, पण जागा न सोडता, वर्षानुवर्षं. अँटेना पक्क्या खडकात रोवलेल्या खांबावर हवी. आपल्या काळ्या रानात खांब पुरला तर पावसात माती फुगून आणि उन्हाळ्यात भेगाळून तो प्लेटपेक्षा जास्त हलेल. हैदराबाद आणि बंगळूरला जागतिक जाळ्यातली अशी कायमची केंद्रं आहेत. रिसीव्हर दोन वेगळ्या लहरी ऐकतो, म्हणून वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे येणारी चूक वजा करता येते. दिवसाला एक जागा ठरते, दोन-तीन मिलिमीटरच्या फरकानं. ते ठिपके आलेखावर मांडत गेलं की तिरकी रेघ तयार होते आणि तिचा उतार म्हणजे वेग. बंगळूरची रेघ सांगते: उत्तरेला वर्षाला सुमारे साडेतीन सेंटिमीटर, पूर्वेला चार. या दोन दिशा एकमेकींशी काटकोनात, त्यामुळे आकड्यांची साधी बेरीज होत नाही; मिळून तिरकी चाल पाचाच्या थोडं वर, ईशान्येकडे.

हा वेग पृथ्वीच्या केंद्राच्या हिशेबानं आहे. ते केंद्र ठरवायला १९७६ मध्ये सोडलेल्या लॅजिओस या आरशांनी मढवलेल्या गोल उपग्रहावर जमिनीवरून लेसर मारतात. पृथ्वीचं फिरणं क्वेसारांकडे, म्हणजे इतक्या दूरच्या तेजस्वी दीर्घिकांच्या केंद्रांकडे की ती आकाशात स्थिरच दिसतात, रोखलेल्या रेडिओ दुर्बिणींवरून कळतं. याच दुर्बिणींनी १९८० च्या दशकात अटलांटिक वर्षाला जेमतेम दोन सेंटिमीटर रुंदावतोय हे दाखवलं. नवा समुद्रतळ तयार होताना त्याच्या खडकात उमटलेल्या चुंबकीय पट्ट्यांवरून काढलेली लाखो वर्षांची सरासरीही जवळपास तेवढीच निघाली होती. मला या सगळ्यात सर्वांत थोर वाटते ती ही जुळणी.

आता कोयना. १९६७ पासून सातारा जिल्हा सुमारे तीन मीटर ईशान्येला गेलाय, पण सांगली, हैदराबाद, बंगळूर, सगळेच सोबत गेलेत. मधली अंतरं जवळजवळ तशीच आहेत. एकोणिसाव्या शतकात त्रिकोणं पाडून मोजलेले दक्षिण भारतातले सर्वेक्षणाचे जुने बिंदू १९९४ मध्ये जीपीएसनं पुन्हा मोजले, तेव्हाही हेच दिसलं. त्या काळच्या माणसांनी केवढं नेकीनं काम केलं असेल! अंतर खरं आटतंय ते हिमालयात, वर्षाला जवळपास दोन सेंटिमीटर. तिथे किती ताण साठला याचा अंदाज प्लेटच्या चालीवरून बांधता येतो.

कोयनेला तसं करता येत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा ६.३ तीव्रतेचा धक्का धरणात पाणी साठायला लागल्यानंतर काही वर्षांनी बसला. ताण खडकात आधीपासून होता. पाण्याचं वजन आणि भेगांमधून खोलवर गेलेला दाब यांनी जुना भ्रंश, म्हणजे जिच्यावरून खडक सरकतात ती भेग, सुटायला निमित्त मिळालं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. ५ सेंटिमीटरचा आकडा त्या भ्रंशाबद्दल काहीच बोलत नाही. म्हणून तर पाटण तालुक्यात गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल भोक पाडलं: वरचा सव्वा किलोमीटर आपला काळा पाषाण, खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक. त्याचे नमुने हजारमाचीच्या प्रयोगशाळेत अभ्यासले जातात. प्लेटच्या वेगावरून कुणी कोयनेच्या भूकंपाची तारीख सांगत असेल, तर कृपा करून ते पुढे पाठवू नका. पाटण खोऱ्यात अशा एका मेसेजनं लोक रात्रभर अंगणात बसतात.

स्वतः बघायचं असेल तर अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठाची भूमापन प्रयोगशाळा जगभरच्या केंद्रांचे आलेख फुकट देते. बंगळूरचं केंद्र उघडा. पूर्वेची आणि उत्तरेची रेघ लगेच समजेल. उंचीचा आलेख मात्र सावकाश बघा, कारण पावसाळ्यात पाण्याच्या वजनानं जमीन काही मिलिमीटर दबते आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येते.