बापाची जमीन पोराला फुकट, अन् माझ्या पगारावर टॅक्स?

प्रश्न: मी परभणीत नोकरी करतो, टीडीएस कापूनच पगार हातात येतो. माझ्या वर्गमित्राला वडिलांच्या मागं रोडटच जमीन आली, ती विकून आता फॉर्च्युनर घेऊन फिरतोय. वारसानं आलं त्यावर त्याला रुपयाही टॅक्स नाही म्हणे. हे बरोबर आहे का हो? – एक वाचक, परभणी

उत्तर: वारसानं आलं त्यावर टॅक्स नाही हे खरंय, पण विकल्यावर लागू शकतो. परभणीसारख्या शहराच्या हद्दीपासून ६ किलोमीटरच्या आतली शेती विकली तर झालेल्या नफ्यावर कॅपिटल गेन टॅक्स भरावा लागतो. त्याच्या पलीकडची खेड्यातली शेती असेल तर तोही नाही, मग कितीबी कोटी येऊ द्या! मला विचाराल तर खरी गडबड इथंय.

आपल्याकडं १९५३ पासून मेल्यानंतरचा टॅक्स होता, इस्टेट ड्यूटी म्हणायचे, मोठ्या इस्टेटीला वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेलेला. तेव्हाचे अर्थमंत्री व्ही. पी. सिंग यांनी १९८५ ला बंद केला, कारण वसुली किरकोळ अन् कोर्टकचेऱ्याच जास्त, ज्यांच्याकडं घबाड होतं त्यांनी सीए धरून ते आधीच इकडंतिकडं करून ठेवलेलं असायचं. जपानमधे आजही ५५ टक्क्यांपर्यंत घेतात.

माझं मत म्हणाल तर परत आणावा, पण सूट चांगली मोठी ठेवून, अन् कसायची जमीन त्यातून सोडून. चार एकर कोरडवाहूचा सातबारा म्हणजे काय बँकेतली एफडी नाही, सोयाबीनला भाव नाही, त्यात बाप गेल्यावर टॅक्स भरायला पोरानं एक एकर विकायची का? तीच जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, होऊन प्लॉट पडले की मात्र घ्या की, तेव्हा पैसा हातात असतो. रोड सरकारनं केला म्हणून भाव वाढला, त्यात पोराचं काय कर्तृत्व?

अन् एक विचारू का, मित्राला बहीण आहे का? २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत लेकीला पोराइतकाच वाटा आहे, पण आमच्याकडं दिवस होत नाहीत तोवर हक्कसोडपत्रावर तिची सही घेऊन मोकळे होतात, वर साडी-चोळी. सरकारला नाही दिलं याचा तुम्हाला राग आलाय, येऊ द्या, पण तिनं सही केली नसेल तर त्या विक्रीच्या पैशात तिचा वाटा आजही निघू शकतो, तिला एकदा वकिलाकडं जायला सांगा.