अमेरिकेतील वर्णद्वेषातून गुलामगिरी जन्मली, की गुलामगिरीतून वर्णद्वेष?

काळ्या माणसांविषयीचा तिरस्कार युरोपात आधीही होता. पण त्याला व्यवस्थेचे रूप दिले ते मळेवाल्यांच्या नफ्याने आणि त्यांनीच केलेल्या कायद्यांनी, असे माझे मत आहे. १६२१ च्या सुमारास व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत आणला गेलेला आफ्रिकी अँथनी जॉन्सन पुढे मुक्त होऊन जमिनीचा मालक झाला होता, म्हणजे सुरुवातीला ही वाट पुरती बंद नव्हती. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मात्र मुलाचा दर्जा आईवरून ठरवला. इंग्लंडमध्ये तो बापावरून ठरत असे. परिणामी गुलाम स्त्रीवर बलात्कार करणाऱ्या मालकाचे स्वतःचे मूलही त्याची मालमत्ता बनले, आणि यापेक्षा निर्घृण हिशेब कल्पिणे कठीण आहे. १६७६ मध्ये नॅथॅनियल बेकनने व्हर्जिनियाच्या गव्हर्नरविरुद्ध केलेल्या बंडात गोरे करारबद्ध नोकर व काळे गुलाम एकत्र लढलेले पाहून सत्ताधारी हादरले. व्हर्जिनियाच्या १७०५ च्या गुलामविषयक संहितेने गोऱ्या नोकरांना काही संरक्षणे दिली आणि गुलामांना शस्त्र बाळगण्यास मनाई केली.

१८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, परंतु गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवला, आणि दक्षिणेत कैदी भाड्याने देण्याची प्रथा त्यावरच पोसली.

कायद्यांत अशी रुजलेली व्यवस्था एकट्याने मोडत नाही, म्हणूनच मुक्तीचा लढा मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारख्या एका नेत्याच्या भाषणांपुरता मानू नये. अलाबामातील माँटगोमेरी शहरात बसमधील वर्णभेदाविरुद्धचा ३८१ दिवसांचा बहिष्कार डिसेंबर १९५५ मध्ये सुरू झाला, तो तिथल्या प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी रातोरात छापलेल्या हजारो पत्रकांच्या बळावर.