आधी मेगावॉट आणि मेगावॉट-तास वेगळे कर
बॅटरी साठवणुकीच्या कामात उतरतोयस, तर मेगावॉट आणि मेगावॉट-तास यांची गल्लत आधी थांबव. पहिला आकडा वीज किती जोरात देता येईल ते सांगतो, दुसरा एकूण साठा. दक्षिण ऑस्ट्रेलियातली हॉर्न्सडेलची बॅटरी २०१७ साली सुरू झाली तेव्हा १०० मेगावॉट, १२९ मेगावॉट-तासांची होती. म्हणजे पूर्ण जोरावर जेमतेम सव्वा तास. तरी ती गाजली, कारण ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्याची, फ्रिक्वेन्सी (विजेच्या लहरी सेकंदाला किती) ५० हर्ट्झवरून घसरली की ती सेकंदाच्या आत सावरायला धावते.

आणि इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीवर मिक्सर चालला म्हणून ती गाडी ग्रिडलाही वीज देईल असं धरू नकोस. त्यासाठी इन्व्हर्टरला, म्हणजे बॅटरीची डीसी वीज एसी करणाऱ्या यंत्राला, ग्रिडच्या लहरीशी लय जुळवावी लागते, आणि लाइन गेली की त्याने लगेच थांबायलाच हवं. हे नीट शिक, घाई करू नकोस. लाइन बंद आहे असं धरून खांबावर वायरमन चढलेला असतो.